फुरसत, भरती आणि बिडी वळणारे हात

भरती हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. १८९२ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा एका सबंध जातीच्या हातून बंदूक गेली, पेन्शन गेली, पलटणीतली शाळा गेली आणि गावकीच्या बाहेर पडण्याची वाट बुजली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासू लागली, तशी १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि युद्ध संपल्यावर थोड्याच काळात ती मोडलीही गेली. गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय आपल्या वाट्याला वैद्य म्हणून नव्हे, शिपाई म्हणून आला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत या समाजाने एक धडा पुरेपूर गिरवला होता : भरती कोणाच्या गरजेने होते, तिच्या अटी कोण ठरवतो आणि काम संपल्यावर भरती झालेल्याच्या पदरात काय पडते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय भरतीचा अर्थ कळत नाही.

आज एक वेगळीच भरती चालते. ती आजारी शरीरांची आहे. कर्करोगाच्या रुग्णांना निरनिराळ्या चाचण्यांत सामील करून घेतले जाते : औषधांच्या, तपासणीच्या, आणि अलीकडच्या काळात व्यायामाच्याही. चळवळीच्या पानांवर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. ज्याच्यावर चाचणी होते त्याच्या शरीरातून ज्ञान निर्माण होते, आणि ज्ञान कोणाच्या शरीरातून निर्माण झाले व कोणाच्या उपयोगी पडले, हा या देशातला सर्वांत जुना सामाजिक प्रश्न आहे. त्यातही व्यायामाच्या चाचण्या आपल्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. कारण व्यायाम म्हटले की शरीर आले, शरीर म्हटले की श्रम आले, आणि श्रम म्हटले की जात आली.

१

व्यायामाला आपल्या इतिहासात स्थान नाही असे नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. परंतु लहुजींची तालीम हा अपवाद होता, म्हणून तर तिची आठवण आपण इतकी जपतो. एरवी तालीम, जोरबैठका, खुराक हे सारे त्याचे, ज्याच्या घरी दूधदुभते आहे आणि ज्याच्या दिवसात रिकामा वेळ आहे. ज्याला वेठीला धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, लाकडे फोडायची, त्याच्या घामाला कोणी व्यायाम म्हटले नाही. एकाच्या शरीराची हालचाल ही साधना ठरली, दुसऱ्याची ती कर्तव्य ठरली. हा भेद निसर्गाने केलेला नाही.

गंमत अशी की आधुनिक विज्ञानात व्यायामाच्या अभ्यासाची एक मोठी सुरुवात झाली ती श्रमिकांच्या शरीरापासून. जेरी मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो, तर कंडक्टर दिवसभर जिने चढतो-उतरतो. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत अधिक, कंडक्टरांत कमी आढळले. म्हणजे कामाच्या ओघात होणारी हालचाल हाच तेव्हा अभ्यासाचा विषय होता. पुढे पाश्चात्त्य देशांत यंत्रे वाढली, कामे बैठी झाली, आणि संशोधकांची नजर कामावरून फावल्या वेळाकडे वळली. खुद्द मॉरिस यांनीच १९७३ साली सरकारी नोकरांच्या फावल्या वेळातल्या व्यायामावर निष्कर्ष मांडले. त्या समाजात ते योग्यच होते. पण मोजपट्टी एकदा तयार झाली की ती जगभर फिरते. जिथे फावला वेळच नाही, तिथेही तीच लावली जाते.

कर्करोगाच्या बाबतीत तर फार काळ उलटाच सल्ला होता : विश्रांती घ्या, पडून राहा. हा समज खोडून काढण्याच्या पहिल्या कामांत अमेरिकेतल्या परिचारिकांचा वाटा मोठा आहे. मॅकविकार, विनिंगहॅम आणि निकेल या तिघींनी स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांना स्थिर सायकलवर व्यायाम दिला. त्याने स्त्रियांची कार्यशक्ती सुधारते असे त्यांनी १९८९ साली दाखवले. उपचाराखालच्या शरीराला सांभाळून हलवता येते, हे शुश्रूषेचे काम करणाऱ्या बायकांना आधी उमगले, यात नवल नाही.

त्यानंतरचा सर्वांत मोठा पुरावा २०२५ च्या जूनमध्ये पुढे आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेले ८८९ रुग्ण. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यविषयक पुस्तिका. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवलेले. पाच वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के. एखाद्या महागड्या औषधाने हा फरक पडला असता तर त्याचा डंका पिटला गेला असता.

पण या चाचणीतली दुसरी एक गोष्ट आपण नजरेआड करता कामा नये. ५५ केंद्रे असूनही, त्यांतली बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशांत असूनही, ही भरती २००९ पासून जवळजवळ पंधरा वर्षे चालली. गोळी देणे सोपे असते. माणसाच्या दिवसातला वेळ मागणे अवघड असते. आणि भरतीची अट काय? आठवड्याला दीडशे मिनिटांपेक्षा कमी व्यायाम करणारा रुग्ण हवा. तो व्यायामही कोणता, तर फावल्या वेळात, आपखुशीने केलेला.

ही अट लक्षात ठेवून आता भंडारा जिल्ह्यात येऊ.

२

भंडाऱ्याला आपण अनेक कारणांनी ओळखतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत इथेच बाबासाहेबांचा पराभव झाला. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी याच जिल्ह्यातले. २९ सप्टेंबर २००६ ची ती संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. वैनगंगेचे पाणी, मामा तलाव, धानाच्या बांध्या, तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणी, भंडाऱ्याची पितळेची भांडी ही या जिल्ह्याची पुस्तकातली ओळख. या सगळ्यांच्या खाली एक ओळख दबून राहिली आहे, ती बिडीची. जंगलात तेंदूपान मुबलक आणि गावात मजुरी स्वस्त, या दोन गोष्टींवर हा धंदा भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात वाढला. भूमिहीन कुटुंबांतल्या बायकांनी तो घराच्या ओट्यावर बसून पेलला.

पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातली अशी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कातरलेली पाने, दोऱ्याचे बंडल. पाठीचा कणा वाकलेला, मान खाली, बोटे सतत चालू. मजुरीचा हिशेब हजार बिड्यांचा. सट्टेदाराने छाट काढली तर तेवढी मेहनत फुकट. रोवणीच्या दिवसांत हीच बाई चिखलात वाकून धान रोवते आणि उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपाने तोडते. घरचे पाणी, सरपण, चूल हे तर मोजण्यातच नाही. आता या बाईला कर्करोग झाला आणि एखाद्या व्यायाम-चाचणीच्या प्रश्नावलीने तिला विचारले, “आठवड्यात किती मिनिटे व्यायाम करता?” तर तिचे खरे उत्तर शून्य आहे. त्या मोजपट्टीप्रमाणे ती निष्क्रिय आहे. जिचे अंग सकाळपासून रात्रीपर्यंत ठणकते तिला विज्ञान निष्क्रिय म्हणते, यात बाईचा दोष नाही, आणि खरे तर विज्ञानाचाही पुरता नाही. दोष आहे तो हा प्रश्न कोणाचा दिवस समोर ठेवून रचला त्याचा.

इथे आपल्यातल्या एका सोप्या उत्तरापासूनही सावध राहिले पाहिजे. कोणी म्हणेल, “आमची माणसे राबतात, त्यांना कशाला पाहिजे व्यायाम?” श्रमाचा गौरव म्हणून हे वाक्य कानाला बरे वाटते, पण ते खरे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात जड कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. तरी मुद्दा समजण्यासारखा आहे. व्यायामात माणूस आपल्या इच्छेने थांबतो, मजुरीत थांबता येत नाही. व्यायामानंतर विसावा आणि अन्न असते, मजुरीनंतर दुसरी मजुरी असते. बिडी वळणाऱ्या बाईचे तर हृदय आणि पाय दिवसभर स्वस्थ असतात, आणि बोटे, मान व पाठ झिजत असतात. म्हणजे बैठ्या कामाचा तोटाही तिच्याच वाट्याला आणि कष्टाचा थकवाही तिच्याच वाट्याला. दोन्ही बाजूंनी नागवण.

आणखी एक गोष्ट. व्यायामाच्या चाचण्या आजवर झाल्या त्या मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावर. त्यांतले सहभागी बहुधा शिकलेले, सुस्थितीतले, रुग्णालयाजवळ राहणारे. विदर्भात मात्र खऱ्याचे राज्य आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पुडी शेतमजुरापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या खिशात असते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खऱ्याची सवय मोडली नाही. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी २०२२ साली एक तृतीयांशाहून अधिक भारतातले होते. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी काढताना खांद्याकडे जाणारी शीर दुखावते. खांदा उतरतो, हात वर जात नाही. किरणोपचारानंतर जबडा आखडतो, घास जाईल एवढे तोंड उघडत नाही. अशा खांद्यांसाठी हळूहळू वजन वाढवत केलेला व्यायाम गुणकारी ठरतो, हे कॅनडात २००८ साली अवघ्या ५२ रुग्णांच्या चाचणीत दिसले. ज्या देशात हा आजार घरोघरी आहे, त्या देशातल्या मजुराला खांदा परत मिळणे म्हणजे कुदळ परत मिळणे आहे. बिडीवालीची मान सरळ होणे म्हणजे तिची रोजी परत येणे आहे. ही चाचणी सर्वांत मोठी कुठे व्हायला हवी होती, ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली. एका गटाला नेहमीचे व्यायाम, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला योग. २०२२ साली तिचे निष्कर्ष अमेरिकेतल्या परिषदेत मांडले गेले आणि योगाच्या गटाला लाभ झाल्याचे जाहीर झाले. एवढ्या स्त्रियांना उपचारानंतर व्यायामाशी बांधून ठेवणे हे मोठे काम आहे. पण भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई सुमारे नऊशे किलोमीटर. टाटात उपचार घ्यायला आलेला विदर्भातला रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर तिथे, नाही तर परळच्या फुटपाथवर दिवस काढतो, आणि उपचार संपला की पहिली गाडी पकडतो. त्याला दर पंधरा दिवसांनी व्यायामाच्या वर्गाला या असे सांगणे म्हणजे येऊ नका असेच सांगणे आहे. नागपूर जवळ, साठेक किलोमीटरवर. पण तिथेही जायचे तर एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी असा तिहेरी खर्च पडतो. कोणी नकार देत नाही, कोणी हाकलत नाही. तरी भरती होत नाही. १८९२ ची बंदी निदान कागदावर होती.

३

मग गरिबांची भरती कधीच होत नाही का? होते. अगदी लाखांनी होते. फक्त ती कशासाठी होते ते पाहिले पाहिजे.

१९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. स्त्रिया १,५१,५३८. त्यांपैकी ७५,३६० जणींची ठराविक काळाने साध्या व्हिनेगरच्या साहाय्याने तपासणी, तर ७६,१७८ जणी तुलनेसाठी. त्यांना माहिती दिली, तपासणी नाही. तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने असाच अभ्यास सुरू झाला. त्यात १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया होत्या. विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या; ज्यांची तपासणी झाली नाही त्या लहान गटात ६४.

तामिळनाडूतला अभ्यास धरून तिन्ही ठिकाणी तपासणीविना राहिलेल्या सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रियांपैकी किमान २५४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारल्या. तपासणीने जीव वाचतो हे जगाला दशकानुदशके ठाऊक असताना या बायकांना तपासणीवाचून का ठेवले, हा आक्षेप घेतला गेला. संशोधकांचे उत्तर होते की देशात तेव्हा तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून त्यांना रूढ असलेली सेवाच मिळाली. या उत्तरात तथ्य आहे, आणि तेच जास्त अस्वस्थ करणारे आहे. देशाने आधी काहीच द्यायचे नाही, आणि मग ते ‘काहीच नाही’ हेच शास्त्राचे प्रमाण ठरवायचे! दारिद्र्य असे संशोधनाचे साधन बनते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत कोणत्या जाती राहतात, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

बरे, त्या ज्ञानाचे पुढे काय झाले? विषाणूच्या चाचणीचे महत्त्व उस्मानाबादच्या खेड्यांतून सिद्ध होऊन २००९ साली जगभर पोहोचले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. पेरणी आमच्या शेतात, पीक परगावी.

संमतीचे काय, तेही पाहा. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुलीही होत्या. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयोगी आहे, हा वेगळा मुद्दा. पण मुलीच्या शरीरावर सही कोणाची, हा मुद्दा उरतोच.

१९७२ साली मुंबईत दलित पॅंथर जन्मली. त्याच वर्षी अमेरिकेत टस्कगीचे बिंग फुटले. १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे सहाशे काळ्या पुरुषांना एका अभ्यासात ठेवले होते. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिले नाही. आपल्या लेखकांनी अमेरिकेतल्या काळ्यांशी जे नाते सांगितले ते कवितेपुरते नव्हते. ते शरीराचे नाते आहे.

४

इतिहासातून इतके समजल्यावर दोन चुका टाळायला हव्यात. पहिली, संशोधकाला सरसकट शत्रू मानण्याची. चाचणीपासून दूर राहिलो तर आपल्या खांद्यांवर, आपल्या जबड्यांवर, आपल्या थकव्यावर काय लागू पडते हे कधीच कळणार नाही, आणि कॅनडातल्या शरीरासाठी शिवलेला अंगरखा आपल्याला घालायला मिळेल. दुसरी चूक, कृपा म्हणून मिळेल ती भरती स्वीकारण्याची. कांबळे यांनी १९१० साली भीक मागितली नव्हती, हक्क मागितला होता. आपली मागणीही त्याच भाषेत असली पाहिजे.

ती मागणी काय? भंडाऱ्याच्या रुग्णासाठी चाचणी असेल तर ती भंडाऱ्याला यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, बुद्धविहाराच्या अंगणात व्हावी. मुंबईच्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार करून तपासणी साधता आली, तर व्यायाम शिकवायला गावातली मुलगी का तयार होऊ नये? चाचणीच्या दिवशी रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी आणि भाडे आधी हातात पडावे. ते आमिष नव्हे, तो खर्च आहे. प्रश्नावलीत श्रमाला जागा असावी : सुपापुढचे तास, बांधीतले तास, पाण्याच्या खेपा. संमतिपत्र रुग्णाच्या बोलीत वाचून दाखवावे आणि नाही म्हटल्यास उपचारात फरक पडणार नाही हे साक्षीदारासमक्ष सांगावे. तुलनेच्या गटाला चाचणीनंतर तोच व्यायाम मिळावा. आणि सहभागींची जात व मजुरी नोंदली जावी. जे मोजले जात नाही ते नाकारणे सोपे असते.

पण या सगळ्यांच्या मुळाशी फुरसत आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कारखान्यांतले कामाचे तास कमी करण्याचा कायदा आकाराला आला आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली तीही याच कारणाने : फुरसतीवाचून माणूस पशूच्या पातळीवरच राहतो आणि यंत्र ती फुरसत देऊ शकते. ज्यांना व्यायामाची दीडशे मिनिटे सहज सापडतात त्यांच्यामागे ही फुरसत उभी आहे. बिडीवाली बाई कारखान्यात नाही, घरी आहे. १९६६ चा बिडी कामगार कायदा आला, १९७६ चा कल्याण निधी आला. पण हजाराच्या हिशेबाने राबणाऱ्या घराच्या ओट्यावर तास कोण मोजणार? तिचे दीडशे मिनिटांचे देणे तिच्या आळसाकडून नव्हे, हजाराच्या दराकडून वसूल केले पाहिजे.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना एक काम सांगावेसे वाटते. आपल्या गावात कर्करोगातून उठलेली माणसे कोण आहेत, त्यांचा खांदा किती वर जातो, तोंड किती उघडते, दिवस कसा जातो, रोजी किती बुडते हे त्यांच्या परवानगीने लिहून काढा. वहीत लिहा. उद्या कोणी संशोधक भरतीची यादी घेऊन गावात आला तर त्याच्यासमोर आपली वही ठेवता आली पाहिजे, आणि पहिला प्रश्न आपण विचारला पाहिजे : भरती कोणाच्या गरजेने, कोणाच्या अटींवर, आणि काम संपल्यावर आमच्या बाईच्या पदरात काय?